समजेल त्या भाषेत

आमच्या गल्लीत पाजणी सकाळी, ऊन चढायच्या आत व्हायची. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, ती पाजणी. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाकडी घोड्यांवर ताणा पसरला जाई आणि दोन्ही बाजूंनी माणसं मोठे कुंचे घेऊन त्यावर पेज फिरवत चालत. पेजेचा आंबूस वास दुपारपर्यंत घराघरात राही. दूधवाले, सायकलवाले खाली वाकून ताण्याखालून निघून जात आणि कोणी कुरकुर करत नसे, कारण आज ना उद्या प्रत्येकाच्या घरचा ताणा तिथेच लागायचा. एकदा खळ लागली की काम मध्येच सोडता येत नाही. सूत वाळतं, धाग्याला धागा चिकटतो आणि सगळा ताणा फुकट जातो.

बाबांना न्यायला पोलीस आले ते नेमके पाजणीच्या वेळी. दोन शिपाई आणि एक अधिकारी. बाबा मधोमध होते, कोपरापर्यंत पेज लागलेली. एवढं होऊ द्या, मग येतो, असं ते म्हणाले. अधिकाऱ्यानं लांबवर पसरलेल्या ताण्याकडे एकदा पाहिलं आणि नाही म्हटलं. तेव्हा माय पुढे झाली. आमच्याकडे बाया चरख्यावर सुताच्या कांड्या भरत, पेज शिजवत, मोकळं झालेलं सूत गुंडाळत. कुंचा मात्र पुरुषाच्या हातातला. मायनं पदर खोचला आणि बाबांच्या हातातून कुंचा घेतला. समोरच्या बाजूचे डोमाकाका थांबले होते, ते पुन्हा चालू लागले. बाबांनी जाताना तिच्या हाताकडे पाहिलं आणि हलका हात ठेव, दाबू नको, एवढं सांगितलं. मग ते जीपमध्ये बसले.

त्या वर्षी सुताची टंचाई होती. मिलचं सूत शहरात येत होतं, पण विणकरांच्या सोसायटीपर्यंत पोचत नव्हतं. वाटेतच एका व्यापाऱ्याच्या गोदामात अडकत होतं. निम्म्या गल्लीचे माग बंद होते. मागाचा आवाज बंद पडला की आमच्या गल्लीत झोप लागत नसे. लहान मुलं दुपारी उगाच रडत. बाबा सोसायटीच्या पंचांपैकी एक होते आणि त्यांना चौकात उभं राहून बोलता येत असे. विणकरांचा मोर्चा गोदामावर गेला, दगड पडले, एक हातगाडी जळली. त्यानंतर आठवड्याभरातच ही जीप आली.

पहिले काही दिवस आम्ही सगळे एकाच चुकीच्या वाटेनं धावत होतो. पकडलं म्हणजे जामीन, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. डोमाकाका आणि माय कोर्टाच्या आवारात जाऊन बसत, कोणत्या कोर्टात नाव पुकारलं जातं ते ऐकत, आणि संध्याकाळी परत येत. नाव पुकारलं जाणारच नव्हतं. नंतर वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसायला लागल्यावर कितीतरी बातमीदारांची कॉपी मी या एका शब्दासाठी परत पाठवली आहे. अटक वेगळी, स्थानबद्धता वेगळी. अटक झालेल्याने काही केलं असा आरोप असतो. स्थानबद्ध केलेला माणूस पुढे काहीतरी करील असं सरकारला वाटत असतं. त्याच्यावर खटला नाही, म्हणून जामीनही नाही.

हे आम्हाला धंतोलीतल्या घाटे वकिलांनी समजावून सांगितलं. त्यांच्या कचेरीच्या खालच्या मजल्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. जिन्यातून वर जाताना औषधाचा वास यायचा आणि गावाकडून आलेले पेशंट पायऱ्यांवर शिदोऱ्या सोडून बसलेले असायचे. घाटे वकील सावकाश बोलत. ते म्हणाले, स्थानबद्धतेचा हा कायदा कडक आहे, पण राज्यघटनेनं दोन खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत. का पकडलं त्याची कारणं माणसाला लवकर आणि लेखी कळवली पाहिजेत. आणि त्याला उत्तर द्यायची संधी मिळाली पाहिजे. ते उत्तर सरकार वाचील, मग तीन जणांचं एक सल्लागार मंडळ त्याचं ऐकून घेईल. मंडळाला पुरेसं कारण दिसलं नाही, तर सरकारला माणूस सोडावाच लागतो. मंडळापुढे वकिलाला जाता येत नाही, हे सांगताना त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं आणि हसले.

मग त्यांनी विचारलं, कारणांचा कागद मिळाला का, आणि कोणत्या भाषेत आहे. माझ्याकडे त्याची नक्कल नव्हती, पण बाबांनी जेलमधल्या भेटीत सांगितलं होतं की कागद इंग्रजीत आहे आणि मिळाल्याची सही त्यांनी केली आहे. घाटे वकिलांनी चष्मा काढला. बाबांना इंग्रजी येतं का, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर मायनं दिलं.

"येते तं," माय म्हणाली. "गल्लीतल्या सगळ्याइच्या तारा तेच वाचतात."

घाटे वकिलांनी चष्मा पुन्हा लावला. मग हा मुद्दा गेला, असं पुटपुटून त्यांनी दुसरं काहीतरी लिहायला घेतलं.

मायनं खोटं सांगितलं नव्हतं, निदान गल्लीच्या दृष्टीनं. बाबांचं इंग्रजी हा आमच्या घराचा मान होता. सोसायटीच्या कागदांवर बाकीचे अंगठा लावत किंवा अडखळत मराठीत नाव लिहीत. बाबा इंग्रजीत सही करत, एका दमात, खाली तिरपी रेघ ओढून. कोणाकडे तार आली की तो माणूस चप्पल न घालताच आमच्याकडे येई. बाबा मागाच्या खड्ड्यातून वर येत, हात पुसत, तार उजेडात धरत. मग मला हाक मारत: शकुन, वाच बरं, मास्तरनं तुले काय शिकवलं ते पाहू. मी वाचत असे. बाबा डोळे मिटून ऐकत आणि शेवटी, हं, बरोबर, असं म्हणत. तार कोणाच्या मरणाची असली तर माझ्या हातातून कागद घेऊन ते स्वतःच त्या माणसाला बाजूला नेत. मी शाळेत जाण्याआधी ते तार घेऊन सायकलवर तारघरात जात आणि खात्री करून येतो म्हणून सांगत. गल्लीला ते फार चोख वाटे.

पुढच्या भेटीला मी एकटीच आत गेले. मायला जेलच्या फाटकापाशी डबा देण्यासाठी थांबावं लागलं होतं. त्या दिवशी तिनं पाटोडीची भाजी केली होती, जवसाच्या तेलाची फोडणी देऊन. फाटकावरचा शिपाई भाजीत लांब चमचा फिरवून पाहत असे, आणि पाटोड्यांचा चुरा होई म्हणून माय दर वेळी त्याच्याशी भांडत असे. मी भेटीच्या जाळीपाशी गेले. घाटे वकिलांना उत्तर लिहायचं होतं आणि त्यासाठी कागदात नेमकं काय आहे ते हवं होतं. मी बाबांना विचारलं, दुसऱ्या कारणात काय म्हटलंय. बाबा म्हणाले, तेच सरकारी, मोर्चाबद्दल. पहिल्यात? तेही तेच. एकूण किती कारणं आहेत असं विचारल्यावर त्यांनी जरा वेळ घेतला आणि पाच-सात असतील म्हणाले.

त्यांनी खिशातून कागद काढून उलगडला आणि जाळीला लावून धरला. "तूच वाच बरं," ते म्हणाले. "कॉलेजात काय शिकवून राहिले ते पाहू."

कारणं तीन होती. ठळक आकडे घालून, एकाखाली एक. मी ती वाचली आणि बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. माझं वाचून झाल्यावर ते हं, बरोबर, असं म्हणाले. तोपर्यंत मी कितीतरी तारा वाचल्या होत्या, आणि त्या दोन शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी जाळीपाशी कळला.

परतताना मी मायला सांगितलं. कसं सांगावं याचा विचार मी बस येईपर्यंत करत होते. ती रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. माझं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली की तिला ते लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे. नव्या लग्नात बाबा खड्ड्याच्या भिंतीवर कोळशानं एकच एक अक्षरओळ गिरवत बसत. सोसायटीतल्या कारकुनानं इंग्रजी सही तेवढी शिकवली होती. भिंत सारवताना ती ओळ तिच्या हातानं रोज पुसली जायची आणि बाबा रोज पुन्हा लिहायचे.

मग वकिलांना येते म्हणून काहून सांगितलं, असं मी विचारलं. मी चिडले होते. माय खिडकीबाहेर पाहत होती.

"परक्या माणसापुढं नवऱ्याले येत नाही म्हणून कशी सांगू वं," ती म्हणाली. "तेही ते तिथं नसताना."

घाटे वकिलांना मात्र मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते उठून उभेच राहिले. माणसाला समजत नाही त्या भाषेत कारणं देणं म्हणजे कारणं न देण्यासारखंच आहे, ते म्हणाले, वरच्या कोर्टांनी हे आधीच सांगितलंय. मराठी भाषांतर सोबत द्यायला हवं होतं. पण सरकार ती सही दाखवील. त्या सहीच्या वर, मिळालं आणि समजलं, असं छापलेलं आहे. त्यामुळे मला समजत नाही हे बाबांनी मंडळापुढे स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. मुलीनं सांगून चालणार नाही. मंडळापुढे वकील नसला तरी एका मित्राला सोबत बसता येतं, त्यासाठी मी तुझ्या नावाचा अर्ज करतो, असंही ते म्हणाले. मुलीला मित्र म्हणता येतं का, असं मी विचारलं. कायद्याला चालतं, ते म्हणाले.

बाबांना हे सांगितलं ते मायनं. मी तिच्या शेजारी उभी होते. बाबांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग ताणा कसा आहे ते विचारलं. खळ नीट बसली का, चिकटला तर नाही ना. मायनं सांगितलं, नीट आहे, डोमाकाकांनी मागावर चढवून दिलाय. मग बाबा हळू आवाजात म्हणाले की आणखी वर्षभर राहावं लागलं तरी राहीन, पण हे चारचौघांत बोलायला लावू नका. बाहेर गेल्यावर सोसायटीत कोणत्या तोंडानं बसू. डोमा काय म्हणेल. वर्षभर हे ते सहज बोलून गेले. त्या कायद्यात तेवढीच मुदत आहे हे कोणीतरी त्यांना आत सांगितलं असावं.

मायनं जाळीत बोटं अडकवली. "माह्यं लग्न तुमच्या इंग्रजीशी लावून देलं नव्हतं," ती म्हणाली. "मी कुंचा धरला. गल्लीनं पाहिलं. काय झालं मले?"

शिपाई वेळ झाली म्हणाला. बाबा आत गेले. ते मंडळापुढे काय बोलतील हे आम्हाला त्या दिवसापर्यंत कळलं नाही.

मंडळ एका सरकारी विश्रामगृहात बसलं. बाहेर कडुनिंबाखाली माय आणि घाटे वकील एका बाकावर बसले होते. वकिलांना आत येता येत नव्हतं, म्हणून त्या दिवशी त्यांच्यात आणि मायमध्ये काही फरक नव्हता. आत लांब टेबल, तीन सदस्य, पंख्याखाली दगड ठेवून दाबलेले कागद. जिल्हा कचेरीतून आलेले एक अधिकारी सदस्यांशी बोलून झाल्यावर एका बाजूला बसले होते. बाबांना आणलं तेव्हा त्यांनी धुतलेला सदरा घातलेला होता. मला पाहून त्यांनी मान हलवली, जशी ते सोसायटीतल्या पंचांना पाहून हलवत.

अध्यक्ष वयस्कर होते, पुण्याकडच्या मराठीत बोलत. ते म्हणाले, वकिलांनी तुमच्या नावानं पाठवलेल्या अर्जात लिहिलंय की कारणं तुम्हाला समजली नाहीत. अधिकाऱ्यानं ताबडतोब पावती पुढे सरकवली. सही इंग्रजीत आहे, वळणदार आहे, अशी सही करणारा माणूस भाषा जाणत नाही हे पटण्यासारखं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते चुकीचं म्हणता येणार नाही. बाबांनी आयुष्यभर लोकांना हेच पटवलं होतं.

अध्यक्षांनी कागद बाबांच्या हातात दिला आणि पहिली ओळ वाचायला सांगितली. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला. उजेड खिडकीतून येत होता, म्हणून ते सवयीनं तिकडे वळले. पंखा चालू होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता ते म्हणणार, शकुन, वाच बरं. मी काय करणार होते ते मला आजही सांगता येत नाही. बाबांनी कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, मले सही येते," ते म्हणाले. "त्याच्या पुढं काही येत नाही."

सदस्यांपैकी एकानं लिहून घेतलं. अध्यक्षांनी विचारलं, मग सही इंग्रजीत का करता.

"मराठीत सही करे त्याले सोसायटीत उभं ठेवत, साहेब. इंग्रजीत केली का खुर्ची देत."

आणि जेलमध्ये कागद दिला तेव्हा समजत नाही असं का सांगितलं नाही, असं अधिकाऱ्यानं विचारलं. बाबा म्हणाले की तिथं सात-आठ जण उभे होते. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीनं कितपत पुरेसं होतं मला माहीत नाही, पण अध्यक्षांनी अधिकाऱ्याकडे पाहून हात वर केला आणि पुढचा प्रश्न थांबवला. मला काही सांगायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. माझ्याजवळ वकिलांनी लिहून दिलेले चार मुद्दे होते. मी ते वाचले. माझा आवाज नीट होता, हे मला आठवतं, कारण बाहेर आल्यावर मी जिन्यात बसून रडले तेव्हा मला त्याचं आश्चर्य वाटलं.

मंडळाचा अहवाल गोपनीय असतो. त्यात काय लिहिलं होतं ते मी कधी पाहिलं नाही आणि या धंद्यात इतकी वर्षं काढूनही ते मिळवता आलं नाही. भाषेच्या मुद्द्यावर सुटका झाली, की कारणंच पुरेशी वाटली नाहीत, हे मी सांगू शकत नाही. घाटे वकील भाषेचंच श्रेय देत. सुटकेचा हुकूम आला तेव्हा तो मात्र मराठीत होता.

बाबा घरी आले ती दुपार होती. गल्लीनं हार आणला होता, डोमाकाकांनी सावजी मटणाची तयारी सुरू केली होती आणि लसूण-सोप-खसखशीच्या वाटणाचा वास सगळ्या घरांतून एकदमच येत होता. मंडळापुढे काय झालं ते गल्लीला कळलं होतं. कसं कळलं मला ठाऊक नाही. डोमाकाका बाबांना मिठी मारून म्हणाले, एवढी वर्षं आमाले फसवलं गा तू. बाबा म्हणाले, तुले फसवाले काय लागते. दोघं हसले. बाबांचं हसू जरा उशिरा आलं आणि लवकर संपलं, पण आलं.

लोक गेल्यावर बाबा मागाशी गेले आणि खड्ड्यात पाय सोडून बसले. माग सुरू केला नाही. ताण्यावरून हात फिरवत राहिले, जिथे मायनं कुंचा फिरवला होता त्या भागावरून, आणि खळ चांगली बसली असं तिच्याकडे न पाहता म्हणाले. माय भिंतीशी चरख्यावर कांड्या भरत होती. मग बाबांनी सदऱ्याच्या खिशातून तो कागद काढला. घड्या पडून तो मऊ झाला होता.

"हे आता मराठीत सांग," ते मला म्हणाले. "नीट. एकेक शब्द. माह्यावर काय लिहिलं ते मले अजून मालूम नाही."

मी जमिनीवर बसून सांगायला लागले. पहिलं कारण: चौकात सुमारे चाळीस विणकरांचा जमाव जमवून प्रक्षोभक भाषण केलं. बाबांनी मला थांबवून प्रक्षोभक म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुसरं कारण: गोदामाचं कुलूप तोडून सूत बाहेर काढण्यासाठी जमावाला चिथावलं. चरखा थांबला. बाबा मागाच्या फणीच्या दातांवर नख फिरवत बसले.

"हे म्हणलो होतो," ते म्हणाले.

माय त्यांच्याकडे पाहत राहिली. तिसरं कारण मी पटकन वाचून टाकलं: पोलिसांच्या गाडीवर दगड फेकला. ते नाही, बाबा म्हणाले, दगड नाही फेकला. दगड पडून राहिले तवा मी पोरांले मागं ओढून राहिलो होतो. मग त्यांनी मला वही आणायला सांगितली. मी विचारलं, कशाला. उत्तर लिहायचं, ते म्हणाले. मी त्यांना समजावलं की उत्तराची मुदत गेली, मंडळ उठलं, सुटकेचा हुकूम झाला, आता ते कोणी वाचणार नाही. मायनंही सांगितलं, अन् ते कुलपाचं लिहाल तर पुन्हा येतीन न्यायले, सांगून ठेवतो.

बाबांनी दोघींचं ऐकून घेतलं. "त्याइनं विचारलं होतं," ते म्हणाले. "मले समजलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही. आता समजलं."

मी वही आणली. कुलपाचं काय करायचं, असं मायनं विचारलं. त्याचं मग पाहू, बाबा म्हणाले. ते खड्ड्याच्या काठावर सरळ बसले, सोसायटीच्या बैठकीत बसत तसे, आणि माझी पेन्सिल कागदावर टेकेपर्यंत थांबले.

"पहिल्याचं लिही. माणसं चाळीस नव्हती. शंभराच्या वर होती."